पावसाळ्याआधी सोसायटीचा आपत्ती आराखडा: एका पानात काय बसवायचं?

मुठाकाठची
आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, मुठा नदीच्या बाजूला. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेक्सच्या घरात गेला आणि एकतानगरी-निंबजनगर पट्ट्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. आमच्याकडे पार्किंग गेलं, मीटरची खोली गेली, जमिनीखालच्या टाकीत नदी आली. माणसं सुखरूप राहिली ती वरच्या मजल्यावरच्यांनी दारं उघडली म्हणून. नियोजन वगैरे काही नव्हतं.

यंदा कमिटीने हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय: सोसायटीचा आराखडा तयार करा. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा चाळला. २००५ च्या कायद्याने तो करावाच लागतो आणि जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कोणत्या खात्याने काय करायचं ते त्यात आहे. पण आमच्या बी विंगमधल्या तळमजल्यावरच्या जोशी आजींना (नाव बदललंय) रात्री तीन वाजता कोणी उठवायचं, हे त्यात कसं असणार? तो शेवटचा तुकडा आपणच लिहायचा.

मला फक्त एक पान हवंय, लिफ्टशेजारी चिकटवता येईल असं. मेसेज येतो तो असा: 'विसर्ग वाढवून अमुक क्युसेक्स करण्यात येत आहे, नदीपात्रात कोणी उतरू नये.' आम्ही कुठे उतरतोय, नदीच आमच्याकडे चढून येते! तो आकडा वाचून तळमजल्यावरच्या माणसाने नेमकं काय करायचं, एवढं त्या पानावरून कळलं पाहिजे. आजारी माणसं, पाणी, वीज यांबद्दल ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी लिहावं. 'सतर्क राहा' असले प्रतिसाद नकोत.

खवचट_पेठकर
सतर्क राहा.

असो. १२ जुलै १९६१ ला आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला. आमची आजी सांगायची, पाणी येतंय अशी आवई पेठेत आधीच उठली होती. काही लोक सामान माळ्यावर टाकत होते आणि काही लोक पाणी बघायला लकडी पुलावर निघाले होते. आजही भिडे पूल बुडाला की निम्मं पुणं मोबाईल घेऊन काठावर उभं असतं. तुमच्या पानावर पहिली ओळ हीच टाका: बघायला जाऊ नये.

कालवा_निवृत्त
ताई, प्रश्न योग्य विचारलात. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

साखळीत चार धरणं: आंबी नदीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि या तिन्हींच्या खाली खडकवासला. चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. म्हणजे वरची तिन्ही गोदामं आणि शेवटचं नुसतं काउंटर. ते भरायला वेळ लागत नाही आणि भरलं की दरवाजे उघडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून जुलैअखेरीला 'खडकवासला किती टक्के' एवढंच बघू नका. वरची तिन्ही भरत आली आहेत का आणि घाटमाथ्यावर पाऊस किती पडतोय, हे बघा. वरची रिकामी असतील तर ती पाणी पोटात घेतात. भरलेली असतील तर वरचं सगळं पाणी खाली येतं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक्स म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे सुमारे शंभर टँकर, दर सेकंदाला.

आता पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहरातल्या मुठेसाठी निळी ६० हजार क्युसेक्सला आणि लाल एक लाखाला धरतात. २०२४ ला ३५ हजारालाच घरात पाणी आलं, याचा अर्थ तुम्हीच लावा. पात्रात पडलेला भराव, धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस, ओढ्या-नाल्यांचं पाणी, सगळ्याची बेरीज होते. विसर्गाच्या आकड्यात ती बेरीज नसते.

म्हणून एक काम करा. २०२४ चा डाग कुठवर होता ते भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारून लिहा: तारीख आणि विसर्ग. यंदा १० हजार, २० हजारला पाणी कुठे पोचतं ते वॉचमनला लिहायला सांगा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमची स्वतःची मोजपट्टी तयार होईल. तोवर २०२४ च्या निम्म्या आकड्याला गाड्या हलवायच्या, असा ढोबळ नियम ठेवा.

आंबिलकाठ
काका, तुमचं सगळं मान्य, पण ते धरणाखालच्यांसाठी. आम्ही अरण्येश्वरचे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आला तो कुठल्याही विसर्गाचा मेसेज न देता. कात्रजच्या बाजूला ढग रिकामे झाले आणि ओढ्याकाठी टांगेवाला कॉलनीपर्यंत भिंती कोसळल्या, माणसं गेली. त्या रात्री शहरात आणि आसपास वीसच्या वर बळी गेले. ओढ्याचं पाणी मिनिटांत चढतं. गाडी हलवायला खाली उतरणं, यासारखा वेडेपणा नाही.

तेव्हा ताई, तुमच्या पानावर 'विसर्ग अमुक' याच्या जोडीने 'ढगफुटीसारखा पाऊस असेल तर मेसेजची वाट बघू नका' हेही हवं. आणि सीमाभिंतीला खेटून कोणी झोपत असेल तर त्याला आधी हलवा. पाणी तुंबलेली भिंत सांगून पडत नाही.

वायरमन_कोथरूड
वीज. यात आगाऊपणा नको, म्हणून मोठा प्रतिसाद.

त्याच २०२४ च्या पुरात डेक्कनजवळ पुलाची वाडीत तिघं शॉक लागून गेले, हातगाडी हलवताना. बुडून नाही.

मीटरच्या खोलीत पाणी शिरायच्या आत मेन स्विच खाली करायचा. पाणी शिरल्यावर त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, मग कितीही 'मी रबरी चप्पल घातली आहे' म्हणा. तेव्हा महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन करून बाहेरूनच पुरवठा बंद करायला सांगायचं.

लोकांना हमखास न सुचणारी गोष्ट: मेन बंद केला तरी घरातला इन्व्हर्टर चालूच असतो. तळमजल्यावर गुडघाभर पाणी आणि प्लगमध्ये इन्व्हर्टरची वीज जिवंत, असं मी डोळ्यांनी बघितलंय. घर सोडताना इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर काढायची. गच्चीवर सोलर असेल तर उजेड आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या केबलमध्ये वीज असते, तिलाही हात लावायचा नाही. चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आधी काढा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, खाली राहिली तर खड्ड्यात पाणी भरून दोन महिने जिना चढाल.

पाणी ओसरल्यावर सगळं वायरिंग मेगर (वीज कुठे गळते का ते मोजणारं यंत्र) मारून तपासून घेतल्याशिवाय मेन वर करू नका. 'वाळलं की चालतं' म्हणणारा इलेक्ट्रिशियन बदला.

मुठाकाठची
@वायरमन, इन्व्हर्टरचं खरंच कोणाच्या डोक्यात नव्हतं. जनरेटर आमचाही पार्किंगमध्येच आहे. वर चबुतऱ्यावर घ्यायचा खर्च ऐकून मागच्या सर्वसाधारण सभेत दोन जण उठून गेले.

खवचट_पेठकर
उठून कुठे गेले? पार्किंगमध्येच ना? मग बरोबर.

पुडीवाला_डॉक्टर
पाण्यावर लिहितो, कारण पूर ओसरला की दवाखान्यात रांग त्याचीच लागते.

सगळ्यात आधी पंपाच्या स्विचला कुलूप. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलंय आणि सवयीने सकाळी कोणीतरी मोटर लावतो. एका बटणात वरची स्वच्छ टाकीही नासते. पूर येतोय असं दिसलं की आधी वरच्या टाक्या काठोकाठ भरून घ्यायच्या आणि मग पंप बंद. पुढचे दोन दिवस तेवढंच पाणी तुमचं. झाडांना, गाड्यांना नाही.

खालची टाकी उपसून, गाळ काढून, घासून घ्या. मग भरून दर हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर, रात्रभर ठेवून ते पाणी सोडून द्या. ते प्यायचं नाही, टाकी धुण्यापुरतं आहे. त्यानंतर रोजच्या पाण्यासाठी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते आणि टाकल्यावर एक तास थांबायचं. पावडर ताजी हवी. वर्षभर उघड्या पिशवीत पडलेल्या पावडरीत क्लोरीन नावापुरतंच उरतं. म्हणून ओटी चाचणीची बाटली ठेवा: नळाच्या पाण्यात चार थेंब टाकून पिवळं दिसलं पाहिजे. पांढरं राहिलं तर क्लोरीन नाही. किंमत फार नाही, आणि 'पाणी चांगलं दिसतंय' यावर सोसायटीत होणारी भांडणं मिटतात.

हे फक्त पुरापुरतं नाही. जानेवारी २०२५ ला इथल्याच सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बारी (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पावसाचा थेंब नव्हता. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो, आधी जुलाब होतात आणि क्वचित कोणाला पुढे हातापायांतली ताकद जाते. क्लोरीनने आणि उकळण्याने तो मरतो. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

आणि पुराच्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा, जखम असेल तर डॉक्टरला दाखवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि कातडीवरच्या ओरखड्यातून आत शिरतो. अशा पाण्यात फिरलेल्यांना डॉक्सिसायक्लिन द्यायचं का, हे शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरने ठरवायचं असतं. शेजाऱ्याकडून गोळी मागून घेऊ नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे वाक्य डॉक्टरला आपणहून सांगा. आम्हाला ते विचारायचं सुचेलच असं नाही.

रात्रपाळी
डॉक्टरसाहेबांनी पाण्याचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पुराच्या रात्री आमच्याकडे येणारे बरेचसे लोक पुराने जखमी झालेले नसतात. नेहमीचेच असतात, फक्त त्यांची मशीन बंद पडलेली असते.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो तीनशे-साडेतीनशे वॉट खातो. घरातल्या इन्व्हर्टरवर तीन-चार तास धरा, तेही पंखे बंद ठेवून. म्हणून एक बी टाईप सिलिंडर भरून ठेवायचा: दीड हजार लिटर, मिनिटाला दोन लिटरने बारा तास. सिलिंडर असतो, पण त्याची किल्ली आणि रेग्युलेटर कुठे आहे ते फक्त सुनेला माहीत असतं आणि ती रात्रपाळीला. किल्ली दोरीने सिलिंडरलाच बांधा.

इन्सुलिनवरून लोक फार घाबरतात. वापरात असलेली कुपी किंवा पेन तीस अंशांखाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं. पावसाळ्यातल्या पुण्यात तेवढं तापमान सहज असतं. न उघडलेली कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवा. बर्फात खुपसू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

डायलिसिस, नववा महिना, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती: या तिघांनी पाणी दारात यायची वाट बघायची नाही. विसर्ग वाढायला लागला की नातेवाइकांकडे. पाणी चढल्यावर १०८ ला फोन केला तर गाडी येईलही, पण तुमच्या गेटपर्यंत नाही. गाडी कुठवर येऊ शकते ती उंचावरची जागा आधी ठरवा, नकाशावर खूण करा आणि फोनवर तीच सांगा. 'दत्तमंदिराजवळ' म्हणू नका, पुण्यात कितीतरी आहेत.

डेट्रॉईटकर
आईवडील एकटेच असतात पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. मुठाकाठच्या ताई, आजारी आणि एकट्या माणसांची यादी आमच्या सोसायटीत करा म्हणून मी सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले, कोणाला काय आजार आहे ते आम्ही का लिहून ठेवायचं? उद्या कोणी बोट दाखवेल. त्यांचंही चूक नाही. पण मग रात्री दोनला मी इथून कोणाला फोन करायचा?

जाता जाता: आईच्या फोनवर एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं) 'सचेत' अ‍ॅप टाकून दिलंय, ठिकाणाप्रमाणे इशारे येतात. विजांसाठी 'दामिनी' आहे, ते तर पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनेच केलेलं.

मुठाकाठची
यादीवरून आमच्याकडेही वाजलं. शेवटी आजाराचं नावच लिहायचं नाही असं ठरलं. फक्त तीन खुणा: 'जिना उतरवायला दोन माणसं लागतात', 'विजेवर चालणारं यंत्र आहे', 'एकटे राहतात'. फ्लॅट नंबर आणि खूण, बस. यादी ग्रुपवर टाकायची नाही, तिघांकडे कागदावर. आणि नाव द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. सुरुवातीला चार-दोन जणांनीच दिलं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःचं नाव दिल्यावर बाकीचे आले. मधुमेह झालाय हे सगळ्या सोसायटीला माहीत असतं, फक्त लिहायला लाज वाटते.

शेवगा
तुमच्या यादीत वॉचमनची बायको आणि पोरं आहेत का?

मुठाकाठची
नव्हती.

शेवगा
असणार नाहीतच. यादी सभासदांची असते. जिन्याखालच्या खोलीत राहणारं कुटुंब सभासद नसतं. पाणी सगळ्यात आधी त्यांच्या चुलीत. आणि तुमचा आराखडा चालवणार कोण, तर तोच वॉचमन: मेन बंद कर, गेट उघड, दारं वाजव. त्याची पोरं खाली आणि हा वर बेल दाबत फिरतोय. पहिल्यांदा त्याच्या घराला वरच्या मजल्यावर एक खोली ठरवून द्या, क्लब हाऊस असेल तर ते. मग त्याला कामं सांगा.

रात्रपाळी
शेवगाला +१. त्यांच्या कागदांसाठीही झिपची पिशवी द्या. आधार, रेशनकार्ड, मुलांचं लसीकरणाचं कार्ड. नंतर पंचनाम्याच्या वेळी त्याच कागदांवरून अडतं.

खवचट_पेठकर
हे पटलं. ते पान फक्त मराठीत नको, वॉचमनला वाचता येईल अशा भाषेत करा. आमच्याकडचे वॉचमन नेपाळचे आहेत.

आणि रात्री तीनला सोसायटी उठवायची कशी? वीज गेली की बेल नाही, टॉवर गेला की व्हॉट्सअ‍ॅप नाही. थाळ्या वाजवायचा सराव मार्च २०२० मध्ये झालेला आहे, त्याचा उपयोग करा. मस्करी नाही, शिट्टीपेक्षा थाळी चांगली. शिट्टी रोजचीच असते, कोणी उठत नाही.

आंबिलकाठ
आमच्या गल्लीत देवळाची घंटा ठरवली आहे. सलग वाजली तर वर जायचं. आरतीची वाजते ती थांबून-थांबून. महिन्यातून एकदा दुपारी वाजवून बघतो. आधी सगळे हसायचे, आता पोरं घड्याळ लावून बघतात की कोण आधी गच्चीवर पोचतं.

पुडीवाला_डॉक्टर
गच्चीवरून आठवलं, गच्चीच्या दाराची किल्ली. तुमच्यापैकी कितीजणांच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली चेअरमनकडे असते? चेअरमन गावाला गेले की झालं.

मुठाकाठची
@डॉक्टर 🙈 आमच्याकडे तेच आहे. दुसरी किल्ली करून वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवायची असं आज कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. 'प्रेमी युगुलं वर जातील' असा पहिला आक्षेप आला आहे.

पानाचा कच्चा मसुदा असा बनलाय. वर मोठ्या अक्षरात चार नंबर: ११२, १०८, आग आणि सुटकेसाठी १०१, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. त्याखाली तीन पट्ट्या. पिवळी: विसर्ग वाढतोय किंवा सलग मुसळधार, तर वरच्या टाक्या भरा, गाड्या बाहेर, वॉचमनचं घर वर, तिन्ही खुणांच्या घरांना फोन. केशरी: पाणी गेटबाहेरच्या रस्त्यावर, तर लिफ्ट वर नेऊन बंद, पंपाला कुलूप, मेन बंद, तळमजला रिकामा. लाल: पाणी आवारात, तर खाली कोणी उतरायचं नाही, कशासाठीही नाही. प्रत्येक कामापुढे दोन नावं, एक नसेल तर दुसरा. काका, पिवळ्या पट्टीला आकडा कोणता टाकू?

कालवा_निवृत्त
१५ हजार टाका आणि पुढे 'किंवा दोन तासांत दुप्पट' असं लिहा. आकड्यापेक्षा तो किती वेगाने वाढतोय ते जास्त सांगतं. ५ हजाराचे १० हजार झाले तर झोपू नका, पुढचा मेसेज मध्यरात्रीच यायचा. आणि लाल पट्टीतलं 'कशासाठीही' अधोरेखित करा. लोक गाडीसाठी उतरतात, गाडीचा विमा असतो.

मसुद्यात एक राहिलं. पाणी ओसरल्यावर काय, त्याची चौथी पट्टी करा. मेगर, टाकी, गाळ उचलायला गमबूट-हातमोजे, पंचनामा होईपर्यंत नुकसानीचे फोटो. आठवड्याच्या आत साचलेलं पाणी काढा, नाहीतर डेंग्यूचे डास तयार होतात.

मुठाकाठची
करते. रविवारी सभेत ठेवते आणि मंजूर झालं की इथेच टाकते. ज्यांना हवं त्यांनी उचलावं, नाव-गाव बदलून.

वायरमन_कोथरूड
ताई, पान लॅमिनेट करून मीटरच्या खोलीतही एक लावा. दाराच्या बाहेरच्या बाजूला.